सेतूच्या वाटेवरचे यजमान

दक्षिणेत एकटीने, कमी पैशात फिरायचं म्हटलं की लोक आधी खर्चाचं विचारतात. तमिळनाडूत तरी खर्च ही मोठी अडचण नाही. बस स्वस्त, पॅसेंजर गाडी त्याहून स्वस्त, केळीच्या पानावरचं जेवण शंभर-सव्वाशेत पोटभर मिळतं. साध्या टाउन बसमध्ये तर मे २०२१ पासून बायकांना पैसेच पडत नाहीत. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट हातात देतो आणि पुढे सरकतो. पैसे जातात ते रात्रीच्या मुक्कामावर. खोलीचं भाडं वाटून घ्यायला सोबत कुणी नसतं, आणि सगळ्यात स्वस्त लॉजमध्ये एकट्या बाईला झोप लागत नाही. म्हणून तंजावर ते रामेश्वर ही वाट मी लोकांच्या घरी राहत केली.

अशी घरं मिळतात कुठून? सर्वास नावाची एक जुनी संस्था आहे, १९४९ साली सुरू झालेली. सभासद होताना मुलाखत होते, ओळखपत्र मिळतं आणि मग दुसऱ्या सभासदाच्या घरी दोन रात्री राहायचा रिवाज आहे. यात पैसे द्यायचेही नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. काउचसर्फिंगचं नाव तरुणांना जास्त ठाऊक आहे, पण २०२० मध्ये तिथे वर्गणी लागू झाली. याखेरीज घरातलीच एखादी खोली भाड्याने देणारी कुटुंबं असतात. आणि आपल्याकडचं हुकमी साधन म्हणजे ओळखीची ओळख. मावशीच्या शेजारणीच्या सुनेचे काका तंजावरला असतात, एवढा धागा मराठी माणसाला पुरतो.

मी एक नियम कटाक्षाने पाळते. ज्या घरी जायचं तिथल्या बाईशी आधी फोनवर, शक्यतो व्हिडिओवर बोलायचं. नुसतं बुवांशी बोलून पत्ता घ्यायचा नाही. वाटेतल्या एका देवळाच्या गावी यजमानांनी बायको घरी असल्याचं सांगितलं होतं. दारात पोचले तर घर बंद, बायको माहेरी, आणि गृहस्थ किल्ली घेऊन हसत उभे. मी पायरी न चढताच निघाले. जवळच्या लॉजचा नंबर वहीत आधीच लिहिलेला होता. तो नंबर प्रत्येक गावासाठी लिहून ठेवावा, लागला नाही तर बरंच.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्या साधारणपणे चेन्नई सेंट्रलला पोचवतात, पण तंजावरकडे जाणारी उळवन एक्स्प्रेस एग्मोरहून सुटते. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, त्यांच्यात काही किलोमीटरचं अंतर आहे, तेव्हा मध्ये दोनेक तास हाताशी ठेवावेत. उळवन म्हणजे शेतकरी. गाडी रात्रीची आहे, म्हणजे एका मुक्कामाचे पैसे वाचतात आणि पहाटे उतरताना खिडकीतून भातखाचरं दिसतात.

तंजावरात माझे यजमान मराठी होते. म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वीचे मराठी. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमाराला तंजावर घेतलं, त्यांच्यामागोमाग कारकून, शिलेदार, भिक्षुक, कीर्तनकार गेले आणि त्यातली बरीच कुटुंबं तिथेच राहिली. १८५५ मध्ये गादीला वारस उरला नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं, तरी ही माणसं परत आली नाहीत. परत यायचं तरी कुठे? घरातल्या आजींचं मराठी कानाला आधी चकवतं. क्रियापदं आपली, हेल तमिळ, आणि मधूनच एखादा असा शब्द की तो आपण फक्त बखरीत वाचलेला असतो. नातवंडं आजीशी मराठीत आणि आपापसात तमिळमध्ये बोलतात. शाळेत त्यांना मराठी कुणीच शिकवलेलं नाही, त्यामुळे देवनागरीतली पाटी त्यांना हिंदी म्हणूनच वाचता येते.

पहिल्या रात्री पानात डांगर पचडी होती, म्हणजे उडदाचं भाजकं पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिलेलं. सोबत रसम-भात आणि बाजूला मेथकूट. मी पुण्याहून नेलेली बाकरवडी दुसऱ्या दिवशी कॉफीबरोबर संपली. आजोबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि पुण्याच्या लोकांना तिखटात साखर घालायची सवय कधीपासून लागली असं गंभीरपणे विचारलं. माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

बृहदीश्वराचं मंदिर राजराज चोळाने १०१० च्या सुमाराला पूर्ण केलं. विमानाची उंची साठ मीटरच्या वर. हे सगळीकडे छापलेलं असतं आणि गाइडही तेच सांगतात. मराठी माणसाने मात्र शिखराकडे बघून झाल्यावर आवाराच्या नैऋत्य कोपऱ्याकडे जावं. तिथल्या भिंतीवर तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले वंशाचा इतिहास आहे, मराठीत आणि देवनागरीत. ओळीमागून ओळ, इतका लांब की उभ्याने वाचून होत नाही. अक्षरं बोटभर, काही ठिकाणी झिजलेली. संध्याकाळी ऊन तिरकं पडलं की खाचा भरून येतात आणि वाचणं सोपं जातं. मी मोठ्याने वाचत होते तेव्हा शाळेच्या सहलीतल्या मुली भोवती जमल्या. मला तो दगड वाचता येतो याचं त्यांना भयंकर आश्चर्य वाटलं. त्यांच्या बाईंनी तमिळमध्ये काहीतरी सांगितलं, त्यातलं ‘मराठा’ तेवढं मला कळलं.

देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि चारला उघडतात. बृहदीश्वराचं आवार खुलं असतं, गाभारा नाही. हा चार तासांचा खड्डा कमी खर्चात फिरणाऱ्याला जाचतो, कारण बसायला फुकट जागा नसते. तंजावरात तो वेळ राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयासाठी ठेवावा. सरफोजी काशीयात्रेला गेले तेव्हाही पोथ्या गोळा करत गेले. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदांचे गठ्ठे इथे आहेत. सामान्य माणसाला आतली कपाटं उघडत नाहीत, बाहेरचं छोटं संग्रहालय तेवढं बघायला मिळतं. ज्यांना मोडी येतं त्यांनी मात्र आधी पत्रव्यवहार करून जावं.

परक्याच्या घरी राहण्याबद्दल मला जे कळलं ते तंजावरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ओरत्तनाडला. पट्टुकोट्टैच्या बसमधून उतरलं की मुक्तांबाळ छत्रम दिसतं. सरफोजींनी ते मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या आठवणीसाठी बांधलं. छत्रम म्हणजे अन्नछत्रासकट धर्मशाळा. रामेश्वरला, म्हणजे सेतूला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या मराठी राजांनी अशी छत्रं या वाटेवर जागोजाग उभारली. काही राण्यांच्या नावाने आहेत, आणि त्यांच्या खर्चासाठी गावं लावून दिली होती. सरफोजींनी कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात छत्रांचा सगळा कारभार सांगितला आहे: कुठल्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला शिजलेला भात, लहान मुलांना दूध, आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीची सोय, अनाथ पोरांना शिक्षण, वाटेत कुणी मेलं तर त्याचा अंत्यविधी. मध्यरात्री घंटा वाजवायची, म्हणजे कुणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावं. हे पत्र राजाने लिहिलं ते कंपनीने या छत्रांचं उत्पन्न काढून घेऊ नये म्हणून. त्यामुळे त्यात थोडी वकिली असणारच. तरीही तो घंटेचा तपशील कुणी वकिलीसाठी रचेल असं वाटत नाही.

इमारतीचा बराच भाग आता खचलेला आहे. गवत, वटवाघळं, कुलपं. पण त्या ओट्यावर बसल्यावर एक हिशेब सुटतो. फुकट मुक्काम ही आजच्या मोबाइलवाल्या पोरांनी काढलेली युक्ती नाही. या वाटेवर ती राजाच्या तिजोरीतून चालणारी व्यवस्था होती. जुन्या तमिळ घरांनाही दाराबाहेर दोन्ही बाजूंना उंच ओटे असतात, तिण्णै म्हणतात त्यांना. वाटसरूने न विचारता तिथे पाठ टेकावी, अशी रीत होती. फरक एवढाच की छत्रात राजा यजमान होता आणि त्याला तुमच्याकडून वेळ नको होता. घरातल्या यजमानाला हवा असतो. तो द्यायची तयारी नसेल तर लॉजचे पैसे भरावेत, त्यात कमीपणा नाही.

वेळ म्हणजे काय, ते कुंभकोणमला कळलं. तिथे माझ्या यजमान एक शाळेतल्या शिक्षिका होत्या, सर्वासच्या. मी त्यांना अक्का म्हणत असे, त्या मला नुसतं ‘मा’. कुंभकोणमभोवती बघायला एवढं आहे की यादी केली तर दिवस पुरणार नाहीत: दारासुरमचं ऐरावतेश्वर, गंगैकोंडचोळपुरम (ही दोन्ही मंदिरं २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत, तिथे आधीच असलेल्या तंजावरच्या मंदिराच्या जोडीला गेली), शिवाय गावातलीच देवळं. अक्कांनी माझी यादी वाचली, घडी घालून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, सकाळी माझ्याबरोबर बाजारात चल. मग विड्याची पानं कशी निवडायची ते त्यांनी दाखवलं. कुंभकोणमची पानं कोवळी, हलक्या रंगाची. पितळी कॉफी-फिल्टरच्या दुकानात बसवलं. संध्याकाळी त्यांच्या नणंदेकडे, तिथून विहिणीकडे, प्रत्येक घरी कॉफी. कुठल्याही घरात शिरलं की पहिला प्रश्न ‘साप्टिंगळा?’, म्हणजे जेवलात का. हो म्हटलं तरी काहीतरी पुढे येतंच. दारासुरमला पोचायला त्यामुळे उशीर झाला, पण मंदिराच्या जोत्यावरचे घोडे आणि रथाचं दगडी चाक उतरत्या उन्हात बघायला मिळालं.

स्वामीमलैला त्या स्वतः घेऊन गेल्या. कुंभकोणमहून टाउन बस जाते. तिथे स्थपतींची कुटुंबं अजून पंचधातूच्या मूर्ती ओततात. आधी मेण आणि राळ मिसळून पूर्ण मूर्ती मेणाचीच घडवायची. मापासाठी पट्टी नाही. नारळाच्या झावळीची एक पाती मूर्तीच्या उंचीएवढी कापतात आणि तिला घड्या घालत जातात. चेहऱ्याला किती, छातीला किती, गुडघ्यापर्यंत किती, सगळं त्या घड्यांवर. मग मेणावर कावेरीचा बारीक गाळ लिंपतात, वर जाड मातीचे थर देतात आणि तापवून मेण बाहेर काढतात. राहिलेल्या पोकळीत धातू ओततात. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती. हा गाळ दुसरीकडचा चालत नाही असं तिथला तरुण कारागीर म्हणाला. कावेरीच्या गाळाने बोटांवरच्या नखांपर्यंत बारीक रेघ उमटते, म्हणाला. अक्का एवढा वेळ दारात बसून शाळेच्या वह्या तपासत होत्या.

घरात राहायचं तर घराचे नियम आपले. चपला बाहेर हे सांगायला नको. पाण्याच्या भांड्याला ओठ लावायचा नाही, वरून प्यायचं. जमत नसेल तर आधी न्हाणीघरात सराव करावा. पान वाढल्यावर यजमानाने खूण करेपर्यंत हात लावू नये, आणि जेवण झाल्यावर पान आपल्याकडे मिटावं. काही घरांत अंघोळीआधी स्वयंपाकघरात पाऊल चालत नाही. आणि एक गोष्ट कुठल्या माहितीपुस्तकात लिहीत नाहीत म्हणून इथे लिहिते. काही जुन्या वळणाच्या घरांत पाळी पाळतात आणि आडून आडून विचारतातही. मला ते मुळीच पटत नाही. पण दुसऱ्याच्या घरात शिरून रात्री नऊ वाजता वाद घालायचा की त्या दिवसांत भाड्याची खोली घ्यायची, यात मी दुसरं निवडते. कुणी पहिलं निवडलं तर माझी हरकत नाही.

कुंभकोणमहून चेट्टीनाडकडे निघालं की हिरवं संपतं. कावेरीचा गाळप्रदेश मागे पडतो, लाल माती आणि काटेरी झुडपं सुरू होतात. अशा कोरड्या मुलखात कारैक्कुडीभोवतीच्या गावांत एकेक वाडा असा की त्याचं पुढचं दार एका रस्त्यावर आणि मागचं दुसऱ्या रस्त्यावर. नाट्टुकोट्टै चेट्टियारांनी ब्रह्मदेशात सावकारी केली, तिथला साग जहाजाने आणला आणि हे वाडे बांधले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि धंदा बुडाला. आता मालक चेन्नईला, सिंगापूरला. वाड्यात एखादी म्हातारी आणि राखणदार. वाटण्या इतक्या झालेल्या असतात की एका खांबाचे आठ धनी. काही वाड्यांची महागडी हॉटेलं झाली आहेत, ती आपल्या कामाची नाहीत. मी एका आचींच्या घरातली खोली भाड्याने घेतली. तिथे वडीलधाऱ्या बाईला आची म्हणतात. इथे व्यवहार रोख आणि चोख होता. सकाळचा नाश्ता धरून भाडं किती ते आधी ठरलं आणि मला ते आवडलं. पैसे दिले की दुपारी दार लावून झोपायची मुभा मिळते.

आतंगुडीला मात्र जावंच. त्या गावात फरशा हाताने बनतात, भट्टीशिवाय. लोखंडी चौकटीत काचेचा चौकोन ठेवतात, त्यावर नक्षीचा पत्र्याचा साचा. साच्याच्या प्रत्येक कप्प्यात सिमेंट आणि रंगाचं पातळ मिश्रण डावाने सोडतात, लाल वेगळं, हिरवं वेगळं, आणि मग साचा अलगद उचलतात. रंग एकमेकांत मिसळत नाहीत, जागच्या जागी थबकतात. वरून कोरडं वाळू-सिमेंट भुरभुरवतात, त्यावर ओला गिलावा थापतात. पुढे फरशी पाण्यात मुरवतात, उन्हात वाळवतात, आणि काच सुटून आली की खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत निघते. मी पाहिला तो कामगार बोलता बोलता, नक्षीकडे न बघता रंग सोडत होता आणि एकही थेंब कप्प्याबाहेर जात नव्हता. या फरशीला नारळाचं तेल पुसलं की झालं, पॉलिशची गरज नाही. मात्र कारखाना दाखवतो म्हणून रिक्षावाले कारैक्कुडीत जो भाव सांगतात तो ऐकून घाबरू नये, बस जाते.

रामेश्वरबद्दल फार लिहीत नाही, काशीची गंगा घेऊन जाणाऱ्यांच्या घरोघरी ते ऐकलेलं असतं. कारैक्कुडीहून मानामदुरैमार्गे गाडीने जावं, म्हणजे पांबनचा पूल लागतो. १९१४ चा जुना पूल आता निवृत्त झाला आहे. एप्रिल २०२५ पासून गाड्या नव्या पुलावरून जातात. जहाज आलं की पुलाचा मधला गाळा सरळ वर उचलला जातो. बेटावर मी एका मासेमार कुटुंबाकडे भाड्याने राहिले. देवळातल्या बावीस तीर्थांचं स्नान उरकून ओल्या कपड्यांनी आले तर तिथल्या अम्मांनी आधी टॉवेल दिला आणि मग तळलेली मासळी. पुण्य टिकलं की नाही ठाऊक नाही. धनुष्कोडीला बस जाते. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात ते गाव गेलं, स्टेशनाच्या आणि चर्चच्या भिंती वाळूत उभ्या आहेत. अम्मांच्या सासूबाई तिथल्याच. त्या आमच्याबरोबर आल्या नाहीत.

जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. ऑक्टोबर ते डिसेंबर त्या किनाऱ्याला परतीचा पाऊस आणि वादळं, मे महिन्यात जाण्यात शहाणपण नाही. जानेवारीत पोंगल असतो, आणि बहुधा त्याच महिन्यात तंजावरजवळ तिरुवैयारूला त्यागराज आराधना. संगीतकार त्यागराजांचं निधन तिथे १८४७ मध्ये झालं. दरवर्षी त्या पुण्यतिथीला कावेरीकाठी शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात, आणि तिकीट नसतं. त्या दिवसांत यजमान हवे असतील तर दोन महिने आधी विचारा. कुंभकोणमचं महामहम, म्हणजे तिथलं तीर्थस्नानाचं पर्व, दर बारा वर्षांनी येतं. मागचं २०१६ मध्ये झालं, पुढचं २०२८ मध्ये. त्या आठवड्यात मात्र गावातल्या कुणाकडेही जागा मागू नका. त्यांच्या स्वतःच्या नातेवाइकांना ती पुरणार नाही.